पात्रता आणि सवलत : पीएच.डी. प्रवेशाच्या अटी कशा वाचाव्यात

आज बोलायचं आहे ते एका अगदी रुक्ष मजकुराबद्दल. समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कविता, कादंबरी, फार तर एखादं नाटक येतं. विद्यापीठाची प्रवेशसूचना कुणी समीक्षेला घेत नाही. ती उघडायची, शेवटची तारीख, शुल्क आणि टक्केवारी बघायची, आणि मिटवून ठेवायची. पण कवितेच्या एका ओळीनं कुणाचं आयुष्य बदललं असेल किंवा नसेल, प्रवेशसूचनेतल्या एका ओळीनं मात्र पुष्कळांचं बदललं आहे. म्हणून आज ती ओळ आपण सावकाश वाचू या.

विषय असा आहे. आरोग्य आणि अपंगत्व या अभ्यासक्षेत्रात आपल्याकडे पीएच.डी. करायची असेल तर दारात काय काय दाखवावं लागतं? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत अपंगत्व अभ्यासाचं काम चालतं, आरोग्यव्यवस्थांचाही अभ्यास होतो. वांद्र्याला वाचा आणि श्रवण यांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. शिवाय ठिकठिकाणच्या विद्यापीठांत समाजकार्य, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विभागांतून या विषयावर प्रबंध लिहिले जातात. विभाग वेगवेगळे, पण दाराची चौकट बहुतेक सगळीकडे सारखी. ती म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, यूजीसीचे, नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी.विषयीचे नियम. आज वाचायची आहे ती ही चौकट. कुठल्या एका संस्थेला नावं ठेवण्यासाठी हे व्याख्यान नाही.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ऐकताना सोपं जाईल. या अटींमध्ये अपंग माणूस येतो तो फक्त सवलतीच्या रकान्यात. पात्रतेच्या रकान्यात तो कुठंच नाही. सवलत हवीच, तिच्याबद्दल वाद नाही. पण ज्या विषयाचा जन्मच ‘आमच्या आयुष्याबद्दल आम्हालाही काही कळतं’ या दाव्यातून झाला, त्या विषयाच्या दारावर अपंगत्व केवळ उणीव म्हणून मोजलं जावं आणि जाणतेपणाची एक वाट म्हणून त्याची नोंदही होऊ नये, ही विसंगती आहे. हा वाद निव्वळ तात्त्विक नाही. कोण आत येतं यावर काय संशोधन होणार हे ठरतं, आणि त्या संशोधनावर उद्याची धोरणं, दवाखाने, शाळा आणि प्रमाणपत्रं ठरतात.

हा दावा आला कुठून, ते थोडक्यात पाहू. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात ‘ल कोर्ट’ नावाचा अपंगांसाठीचा निवास होता. तिथल्या रहिवाशांना आपल्या राहणीमानात, आपल्या निर्णयांत वाटा हवा होता. आपली बाजू कुणीतरी अभ्यासपूर्वक मांडेल या आशेनं १९६० च्या दशकात त्यांनी संशोधकांना बोलावलं. संशोधक आले, राहिले, मुलाखती घेतल्या, आणि १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. रहिवाशांना ते वाचून धक्का बसला. पुस्तकाचा एकूण सूर असा की हा निवास म्हणजे सामाजिक मरण आलेल्यांचं ठिकाण, आणि प्रश्न काय तो तिथल्या व्यवस्थापनाचा. समाजानं या माणसांना बाजूला का टाकलं, हा प्रश्न तसाच राहिला. तिथं राहिलेल्या पॉल हंट यांनी पुढं या संशोधकांवर एक कडक लेख लिहिला, त्यांना शीर्षकातच परोपजीवी म्हटलं. हंट १९७९ मध्ये वारले, लेख १९८१ मध्ये छापून आला. याच हंट यांच्या पुढाकारानं १९७२ मध्ये शारीरिक अपंगांची एक संघटना उभी राहिली होती. १९७६ मध्ये तिनं मांडलं की शरीरातली उणीव एक आणि समाजानं घातलेली अडचण दुसरी. माणसाला अपंग करते ती दुसरी. पाय चालत नाहीत ही एक गोष्ट. मतदान केंद्राला पायऱ्याच आहेत ही वेगळी गोष्ट. मायकेल ऑलिव्हर यांनी या मांडणीला पुढं ‘सामाजिक प्रारूप’ असं नाव दिलं.

लक्षात घ्या, या ज्ञानशाखेच्या मुळाशी संशोधनाबद्दलचंच भांडण आहे. कोण कुणावर संशोधन करतं, आणि निष्कर्षावर हक्क कुणाचा, हा तिचा पहिला प्रश्न. अमेरिकेत शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात १९९८ मध्ये या विषयाची पीएच.डी. सुरू झाली, तीही आरोग्यविज्ञानाच्या महाविद्यालयात. आपल्याकडे अनिता घई यांनी मानसशास्त्र आणि स्त्रीवाद यांच्या अंगानं अपंग स्त्रियांबद्दल लिहिलं. त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता. म्हणजे विषय विद्यापीठात आला, त्याला खुर्ची मिळाली, ग्रंथालयात कपाट मिळालं. दारावरची पाटी मात्र जुनीच राहिली.

आता ती पाटी वाचू. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला अर्ज करायचा तर पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. किंवा चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि अपंग यांना यात ५ टक्क्यांची सूट. विद्यापीठानं स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे, निम्मे विषयाचे. आणि अंतिम निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३० टक्के. प्रबंध पूर्ण करायला सहा वर्षं, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षं.

या मजकुराचं व्याकरण बघा. पात्रतेची वाक्यं सर्वांसाठी आहेत: पदवी, टक्के, परीक्षा. सवलतीची वाक्यं ‘यांना वगळता’, ‘यांना अधिक’ अशी आहेत. पाच टक्के कमी चालतील, दोन वर्षं जास्त चालतील. म्हणजे कल्पना अशी की संशोधक नावाचा एक ठरावीक माणूस आहे, धडधाकट, सहा वर्षांत प्रबंध हातावेगळा करणारा, आणि अपंग उमेदवार म्हणजे त्याचीच जरा कमी गुणांची, जरा हळू चालणारी आवृत्ती. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या विभागात ही कल्पना अपुरी ठरेल. अपंगत्व अभ्यासाच्या विभागात ती विषयाच्या पहिल्याच धड्याच्या विरोधात जाते.

दुसरी गोष्ट ४० टक्क्यांची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन व्याख्या शेजारी शेजारी दिलेल्या आहेत, आणि त्या एकत्र वाचण्यासारख्या आहेत. एक म्हणते, अपंग व्यक्ती म्हणजे जिच्यात दीर्घकालीन उणीव आहे आणि भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर जिला इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरता येत नाही. या व्याख्येत अडथळा आहे, म्हणजे समाज आहे. दुसरी व्याख्या ठरावीक प्रमाणातल्या अपंगत्वाची: ४० टक्के किंवा त्याहून जास्त, आणि तेही वैद्यकीय प्राधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं. इथं अडथळा नाहीसा होतो, शरीर आणि आकडा उरतो. आरक्षणासारख्या गोष्टीला कुठंतरी रेघ मारावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण प्रवेशसूचना दोन व्याख्यांपैकी फक्त दुसरीच उचलते, आणि तेवढ्यावरच थांबते.

२०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाल्यापासून दिव्यांगांच्या ओळखपत्रांना रंग आले आहेत. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, त्यावर पिवळं, ८० च्या वर निळं. आता कल्पना करा, पांढरं कार्ड असलेली एक विद्यार्थिनी आहे. तिचा आजार दिसत नाही, महिन्यातले काही दिवस ती उठू शकत नाही, काही दिवस धावपळ करते. वर्गात तिला शिकवलं जाईल की टक्केवारी हे अपंगत्वाचं अपुरं माप आहे, जगण्यातली अडचण आकड्यात मावत नाही. हे शिकायला ती ज्या दारातून आली, तिथं मात्र आकडाच मोजला गेला. प्रश्नपत्रिकेत ‘वैद्यकीय प्रारूपाची मर्यादा सांगा’ असा प्रश्न असेल, आणि हॉलतिकिटासोबत वैद्यकीय टक्केवारीचा दाखला जोडायचा असेल.

याबाबत आपलं सर्वोच्च न्यायालय विद्यापीठांच्या पुढं गेलं आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या व्याख्येत बसत नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ती व्याख्या आरक्षणासारख्या ठरावीक गोष्टींसाठी आहे. लेखनिकासारखी सोय ही प्रत्येक अपंग व्यक्तीचा हक्क आहे, तिला ४० ची रेघ लावता येणार नाही. म्हणजे सवलत वेगळी आणि सोय वेगळी. सवलत म्हणजे माप कमी करणं. सोय म्हणजे माप तेच ठेवून वाटेतला दगड उचलणं. प्रवेशसूचनांमध्ये या दोन गोष्टींची अजूनही खिचडी असते.

आता जागांचा हिशेब. त्याच कायद्याचं कलम ३२ सांगतं की सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा अपंगांसाठी राखीव हव्यात, आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट हवी. ऐकायला ठीक वाटतं. पण पाच टक्के म्हणजे वीस जागांना एक. पीएच.डी.च्या जागा वर्गासारख्या नसतात. त्या मार्गदर्शकाकडे किती जागा रिकाम्या आहेत यावर ठरतात. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. लहान विभागात एखाद्या वर्षी चार जागा निघाल्या तर चाराचे पाच टक्के किती? शून्य पूर्णांक दोन दशांश. एक पंचमांश विद्यार्थी कसा घेणार? संपूर्ण विद्यापीठाच्या जागा एकत्र धरून यादी फिरती ठेवली तर हक्क प्रत्यक्षात उतरतो. प्रत्येक विभागानं आपापला हिशेब केला तर तो दशांश चिन्हाच्या उजवीकडे कायमचा अडकून राहतो. कायद्याचा भंग कुणीच केला नाही, आणि जागा कुणालाच मिळाली नाही, असं होतं.

पुढची अट परीक्षेची. २०२४ पासून यूजीसीनं नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देण्याची वाट खुली केली. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांना मुलाखतीवर प्रवेश, बाकीच्यांना नेटचे ७० आणि मुलाखतीचे ३० टक्के, आणि पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एक वर्ष टिकतात. एका परीक्षेत काम होतं, गावोगावच्या वेगळ्या परीक्षांचा प्रवासखर्च वाचतो, हा फायदा खरा आहे. चाकाच्या खुर्चीवरून दर महिन्याला वेगळ्या शहरात परीक्षा देणं किती महाग पडतं, ते आम्हाला सांगायला नको. पण एक वर्षाची मुदत बघा. ज्याचा आजार कमीजास्त होतो, ज्याची शस्त्रक्रिया मध्ये येते, ज्याला सोबतीचा माणूस मिळेपर्यंत गाव सोडता येत नाही, त्याच्यासाठी ही मुदत सगळ्यात आधी संपते. प्रबंधाला दोन वर्षं वाढवून देणारा नियम दारातल्या या एका वर्षाबद्दल गप्प आहे.

आणि भाषा? नेटच्या प्रश्नपत्रिका, भाषाविषय सोडले तर, इंग्रजी आणि हिंदीत असतात. मराठी माध्यमातून समाजकार्याची पदवी घेऊन दहा वर्षं गडचिरोलीत किंवा जालन्यात काम केलेल्या माणसाला ही अडचण आहेच. पण कर्णबधिर विद्यार्थ्याचं बघा. त्याची सांकेतिक भाषा ही पहिली, मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. २०१६ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की अपंग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत बदल करावेत, आणि उदाहरण म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा स्पष्ट उल्लेख करतं. म्हणजे शाळेत आपण त्या मुलाला म्हणतो, तुला तिसरी भाषा माफ. तो मोठा होतो, पदव्या घेतो, संशोधनाच्या दारात येतो, आणि तिथं आपण त्याला म्हणतो, तिसऱ्या भाषेत उत्तर दे. सूट देणारी आणि मागणारी व्यवस्था एकच आहे. दोन्हींच्या मध्ये पूल कुणी बांधला नाही.

मग येते मुलाखत. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत मुलाखतीनं काय पाहावं यासाठी तीन प्रश्न दिले होते. उमेदवाराकडे या संशोधनाची क्षमता आहे का? हे संशोधन या संस्थेत योग्य रीतीनं होऊ शकेल का? आणि या विषयातून ज्ञानात काही भर पडेल का? आमच्या मते या सगळ्या नियमावलीतली ही सर्वांत चांगली जागा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. कारण यातला मधला प्रश्न उमेदवाराला विचारण्याचा नाहीच. तो संस्थेनं स्वतःला विचारायचा आहे. आमच्या ग्रंथालयातले ग्रंथ अंध वाचकाला वाचता येतील अशा रूपात आहेत का? लिफ्ट मार्गदर्शकाच्या मजल्यापर्यंत जाते का? सांकेतिक भाषेचा दुभाषा नेमायला तरतूद आहे का? प्रत्यक्षात हा प्रश्न फिरतो तो उमेदवाराकडे: ‘तुम्हाला क्षेत्रकार्य झेपेल का? एवढा प्रवास जमेल का?’ संस्थेची परीक्षा उमेदवाराच्या शरीराची परीक्षा होऊन जाते.

शिवाय मुलाखत नावाच्या प्रकाराचीही काही गृहीतकं आहेत. चटकन उत्तर द्यावं, डोळ्याला डोळा भिडवून बोलावं, अडखळू नये. तोतरं बोलणारा, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीमुळे उच्चार अस्पष्ट असलेला उमेदवार पंधरा मिनिटांत कसा दिसेल? तो कमी जाणणारा दिसेल. ३० टक्के वजन इथं आहे. प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यायला, वेळ दुप्पट करायला, टंकलेखन करून उत्तर स्वीकारायला फारसा खर्च येत नाही. फक्त सूचनेत तसं आधी लिहिलेलं असावं लागतं. ऐनवेळी विनंती करायला लावणं म्हणजे सोयीचं उपकारात रूपांतर करणं.

आता एक पायरी मागं जाऊ. पीएच.डी. हे शेवटचं दार. आरोग्याच्या बाजूनं जे या विषयाकडे येतात ते डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचार करणारे. त्यांच्यात अपंग माणसं किती असणार, हे फार आधीच्या दारांवर ठरून गेलेलं असतं. एमबीबीएसच्या प्रवेशाच्या मार्गदर्शक सूचनांत बरीच वर्षं असं होतं की दोन्ही हात शाबूत हवेत, संवेदना आणि ताकद पुरेशी हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही अट कायद्याशी विसंगत ठरवली. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण निकाली निघालं. त्याला बोलण्याशी संबंधित अपंगत्व होतं, चाळीस टक्क्यांच्या थोडं वर. आरक्षणासाठी चाळीसच्या वर असणं आवश्यक, आणि अभ्यासक्रमासाठी चाळीसच्या वर असणं अपात्रता, असा तो पेच होता. न्यायालयानं सांगितलं, नुसता आकडा पाहून बाहेर काढू नका. हे अपंगत्व या अभ्यासक्रमाच्या आड खरोखर येतं का, ते तपासा. आणि त्याचा प्रवेश कायम झाला.

या निकालांकडे आम्ही समीक्षक म्हणूनही पाहतो. न्यायालयानं इथं केलं काय? अट नावाचा मजकूर बारकाईनं वाचला. ‘दोन्ही हात शाबूत’ ही शब्दरचना डॉक्टरकीच्या कामाबद्दल काही सांगते की डॉक्टरच्या चित्राबद्दल, असं विचारलं. हेच वाचन विद्यापीठानं स्वतःहून करायला काय हरकत आहे? प्रत्येक वेळी एखाद्या विद्यार्थ्यानं वर्ष वाया घालवून दिल्लीपर्यंत जावं आणि मग आपण शहाणं व्हावं, ही काही रीत नव्हे.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप: तुम्ही म्हणता अपंगत्व पात्रतेत घ्या, म्हणजे अपंग असणं हीच पात्रता का? मग धडधाकट माणसानं या विषयाचा अभ्यासच करू नये? नाही, असं आम्ही म्हणत नाही. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आला, दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, आणि त्या काळात आपल्याकडे याच प्रश्नावर कडाक्याचं भांडण झालं. अनुभव असला की साहित्य होतं का? अनुभव नसेल तर लिहिता येतं का? त्या भांडणातून आम्ही घेतलेला धडा असा: अनुभव आपोआप ज्ञान होत नाही, पण अनुभवाला बाहेर ठेवून उभं केलेलं ज्ञान कायम अपुरं राहतं. म्हणून अनुभवाला गुण देऊ नयेत. अनुभवावर केलेल्या कामाला द्यावेत. हा फरक महत्त्वाचा आहे.

म्हणजे कसं? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं आणि ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृहाचा उतार किती असावा इथपासून ते घरच्यांची भीती कशी घालवावी इथपर्यंत अशा कामातून जे कळतं, ते कुठल्याही आरोग्य संशोधनाला हवं असतं. आजच्या अर्जात त्याला रकाना नाही. पदवीच्या टक्क्यांना आहे, शोधनिबंधांना असेल, पण अपंग मुलांच्या पालकांचा गट पंधरा वर्षं चालवला, ब्रेल शिकवली, सांकेतिक भाषेचा दुभाषा म्हणून पोलीस ठाण्यापासून प्रसूतिगृहापर्यंत गेलो, याला नाही. हे काम अपंग माणसानं केलेलं असेल, आईनं केलेलं असेल, आशा कार्यकर्तीनं केलेलं असेल. रकाना सगळ्यांसाठी एकच ठेवा, आणि तपासणीही कडक ठेवा: या कामातून तुम्हाला कुठला प्रश्न सुचला, तुमचं आधीचं कुठलं मत चुकीचं निघालं, त्याचा लेखी पुरावा काय?

याच रकान्याची दुसरी बाजूही आहे. आज धडधाकट उमेदवाराला या दारात विषयाबद्दल वेगळं काहीच विचारलं जात नाही. तो कधी एखाद्या अपंग माणसाबरोबर काम करून आला आहे का, त्याला सांकेतिक भाषेचं एक तरी वाक्य येतं का, ज्यांच्यावर संशोधन करणार त्यांना निष्कर्ष कसे परत देणार, याचा त्यानं विचार केला आहे का? अपंग उमेदवाराला दाखला मागतात, त्याला काहीच नाही. ‘ल कोर्ट’च्या रहिवाशांची तक्रार हीच तर होती.

दुसरा आक्षेप दर्जाचा. अटी सैल केल्या की दर्जा घसरतो, असं म्हणतात. आम्ही अटी सैल करा असं म्हणतच नाही, उलट एक अट वाढवायला सांगतो आहोत. तिसरा आक्षेप गैरवापराचा. २०२४ मध्ये महाराष्ट्रात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून केवढं वादळ उठलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याचा फटका बसला तो खऱ्या प्रमाणपत्रधारकांना. त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलली. पण गंमत बघा, सगळं काही एका आकड्यावर टांगून ठेवलं की त्या आकड्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की खोटेपणाही वाढतो. कामाची, हेतूची, अभ्यासाची तपासणी जितकी खोल, तितका नुसत्या कागदाचा जोर कमी.

परदेशात सगळं आलबेल आहे असंही समजू नका. शिकागोच्या अभ्यासक्रमात अर्जदाराचं निवेदन आणि शिफारसपत्रं यांना महत्त्व आहे. निवेदनात माणसाला आपली वाट सांगता येते, हे चांगलं. पण शिफारसपत्र द्यायला ओळखीचा प्राध्यापक लागतो, अर्जाला डॉलर लागतात, इंग्रजीची परीक्षा लागते. म्हणून तिथली पाटी उचलून इथं लावा, हा उपाय नव्हे. निवेदनाची पद्धत घ्यावी, ओळखीची घेऊ नये.

मग आम्हाला हवी असलेली सूचना कशी दिसेल? तिच्यात चार गोष्टी असतील. एक, सोयी आणि सवलती वेगळ्या लिहिलेल्या असतील, आणि सोयींना ४० टक्क्यांची रेघ नसेल. दोन, राखीव जागा विभागवार न मोजता संपूर्ण विद्यापीठाच्या एकत्र मोजल्या जातील आणि ती यादी जाहीर असेल. तीन, संशोधनाचा आराखडा मराठीतून किंवा सांकेतिक भाषेत चित्रफितीनं देता येईल, आणि त्याबरोबर केलेल्या कामाचं निवेदन सर्व उमेदवारांकडून मागितलं जाईल. चार, मुलाखतीच्या आधी संस्था स्वतःच्या सुविधांचं एक पान उमेदवाराच्या हातात देईल: काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते कधीपर्यंत होईल. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. ज्या ठिकाणी नेटचेच गुण घ्यायचे ठरले आहे, तिथंही मुलाखतीचे ३० टक्के संस्थेच्या हातात उरतातच. तेवढ्यात पुष्कळ करता येईल.

श्रोत्यांपैकी अनेक जण पुढच्या वर्षी कुठंतरी अर्ज करणार असतील, काही जण कुठल्यातरी प्रवेश समितीवर बसणार असतील. दोघांनाही आमचं सांगणं एकच. सूचना हातात आली की टक्केवारीवर थांबू नका. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक अटीपुढं लिहा: ही अट कामाबद्दल आहे की काम करणाऱ्याच्या चित्राबद्दल? हिची परीक्षा उमेदवारानं द्यायची की संस्थेनं? आणि हिच्यामुळे जो बाहेर राहणार, त्याला असं काय माहीत आहे जे आत बसलेल्यांना माहीत नाही? ज्या अटींना तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्या अटी लेखी स्वरूपात विचारा, समितीपुढं मांडा, आणि उत्तरही लेखी मागा. आजच्यापुरतं एवढंच.